परतीच्या सामानातला अपरिग्रह

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षे संसार करून पुण्याला किंवा नाशिकला कायमचे परतणाऱ्या कुटुंबापुढे सामान बांधायच्या वेळी एक प्रश्न हटकून येतो: तिथे घेतलेली विजेची उपकरणे बरोबर न्यायची, की तिथेच कुणाला देऊन टाकायची? त्याचा निकाल बहुधा हिशेबाने लागतो. कंटेनरचे भाडे किती, इथे तीच वस्तू केवढ्याला मिळते, कस्टममध्ये काय सुटते. कायदाही याच भाषेत बोलतो. २०१६च्या बॅगेज नियमांनी परदेशात किमान दोन वर्षे राहून परतणाऱ्या भारतीयाला घरगुती वस्तूंवर पाच लाख रुपयांपर्यंतची सवलत दिली, म्हणजे वस्तूवरचा हक्क वर्षांत आणि रुपयांत मोजला. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो प्रश्नाच्या तळापर्यंत जात नाही. माझ्या मते हा प्रश्न मुळात अपरिग्रहाचा आहे. एखादी वस्तू जवळ ठेवण्याचा अधिकार तिच्या पावतीने पुरता मिळत नाही. ती जिथे चालते, जिथे दुरुस्त होते आणि जिथे शेवटी मोडीत निघते, त्या जागेचे आपण काय देणे लागतो यावरही तो अवलंबून असतो. देश बदलला की हे देणे उघडे पडते. एरवी ते भिंतीतल्या सॉकेटमागे झाकलेले असते.

आधी विजेचे पाहू, कारण इथे तत्त्वज्ञानाला फार हवेत जाता येत नाही. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. तिथली १५०० वॅटची किटली इथे सरळ जोडली तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ती साडेपाच हजार वॅट ओढू पाहील आणि काही क्षणांत जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बसवला की व्होल्टेज उतरते, पण हर्ट्झ तेच राहतात. त्यामुळे मेनच्या लयीवर चालणारे तिथले घड्याळ इथे तासाला दहा मिनिटे मागे पडते, आणि ६० हर्ट्झवर बेतलेली इंडक्शन मोटर सुमारे सतरा टक्के हळू फिरते व जास्त तापते. याउलट फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असते. त्याला कुठलाही देश चालतो, फक्त पिन जुळली पाहिजे. दुबई, मस्कत, कतार इथून कोकणात आणि गोव्यात आलेल्या सामानाला हा त्रास कमी झाला, कारण तिथली वीज आपल्यासारखीच. वेगळ्या होत्या त्या फक्त चपट्या पिना. सगळ्यांत बोलके उदाहरण मिक्सरचे आहे. अमेरिकेतल्या भारतीय स्वयंपाकघरांसाठी इथल्या कंपन्या ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात. ओल्या खोबऱ्याचे वाटण व्हावे, सुकी चटणी कुटली जावी, एवढ्यासाठीच ते घडवलेले असतात. तो मिक्सर मालकिणीबरोबर परत आला की ज्या देशात बनला त्याच देशाच्या विजेवर चालत नाही. त्याच्यात काहीही बिघडलेले नसते. पाते धारदार असते, भांडे शाबूत असते, कॉइल ठीक असते.

मग कमी काय आहे? भारतीय तर्कपरंपरेने या प्रश्नाचा बराच कीस पाडला आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने खरे काय याची कसोटी अर्थक्रियाकारित्व ही ठरवली: जे काही काम घडवू शकते तेच खरे. आणि काम कधीही एकट्या कारणाने घडत नाही, कारणांची सगळी सामग्री जमली तरच घडते, हे बौद्धांना आणि नैयायिकांना दोघांनाही आपापल्या परीने मान्य होते. बीज, माती, पाणी, ऋतू यांतले एक जरी नसले तरी अंकुर येत नाही. ही कसोटी लावली तर आपण ज्याला मिक्सर म्हणतो ते भिंतीतली वीज, तिचा दाब, तिची लय, पिनेचा आकार आणि बिघडल्यावर तो उघडणारा कारागीर या सगळ्यांसह मिक्सर असते. त्यातला एक तुकडा आपण विकत घेतलेला असतो. बाकीची सामग्री त्या मुलखाची, तिथल्या वीजमंडळाची, तिथे शंभर वर्षांपूर्वी झालेल्या निर्णयांची. हे निर्णय किती घट्ट बसतात ते जपानमध्ये दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. त्या देशाचा पूर्वेकडचा भाग आजही ५० हर्ट्झवर आहे, पश्चिमेकडचा ६० वर, आणि २०११च्या भूकंपानंतर पश्चिमेची वीज पूर्वेला पुरेशी पाठवता आली नाही. मिक्सर म्हणजे ही सगळी सामग्री, या म्हणण्यावर वैशेषिकांच्या बाजूने कुणी म्हणेल की द्रव्य ते द्रव्य. खोक्यात ठेवलेला मिक्सरही मिक्सरच असतो, विजेशी त्याचा संयोग होवो न होवो. वस्तूच्या अस्तित्वापुरते हे मला मान्य आहे. पण आपण उपकरण बाळगतो ते त्याच्या असण्यासाठी नाही, कामासाठी. ‘माझे’ म्हणण्याचे सगळे समर्थन आपण उपयोगावर उभे करतो, आणि तो उपयोग एकट्या वस्तूत नाही असे निघाले, तर ते समर्थनही एकट्या वस्तूवर उभे राहू शकत नाही.

इथे अपरिग्रह येतो. पतंजलीने योगसूत्रातल्या यमांत त्याचे नुसते नाव घेतले; व्यासभाष्याने त्यामागची कारणे दिली. विषय मिळवण्यात, राखण्यात, त्यांच्या झिजण्यात, त्यांच्या आसक्तीत आणि त्यांच्यापायी होणाऱ्या हिंसेत दोष दिसतो म्हणून त्यांचा स्वीकार न करणे, असे ते विवेचन आहे. या पाचांत राखणे हा दोष आपण सहसा हलका समजतो. चोरापासून जपावे लागते एवढाच त्याचा अर्थ घेतो. परदेशातून आणलेले उपकरण त्याचा खरा पसारा दाखवते. किटलीसाठी किटलीपेक्षा कितीतरी जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो तांब्या-लोखंडाचा असतो, आणि बटण बंद करायला विसरले तर किटली थंड असतानाही तो वीज खात गरम होत राहतो. घरात पाहुणा आला, नवी मदतनीस कामाला लागली, की प्रत्येकाला सांगावे लागते, हे तिथे लावू नका. एका चुकीने वस्तू जाते, कधी हातही भाजतो. वॉरंटी बहुधा ज्या देशात खरेदी झाली तिथल्यापुरती असते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हरहुन्नरी माणसे आहेत, मोटरचे वाइंडिंग ती नव्याने भरून देतात, पण तिथल्या मॉडेलचा नेमका पार्ट त्यांच्याकडे नसतो. म्हणजे राखणे हे घरातल्या सगळ्यांवर, शेजारच्या वायरमनवर आणि दुकानदारावर लादलेले काम ठरते. ज्या वस्तूच्या रखवालीचा भार तिच्या उपयोगापेक्षा मोठा झाला, तिच्या बाबतीत व्यासभाष्याचा हा दोष अक्षरशः घडतो आहे असे म्हणायला हरकत नाही.

जैन परंपरा इथे गंभीर हरकत घेईल. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे. दोष वस्तूत नाही, तिच्यावर मन बेशुद्ध होऊन चिकटण्यात आहे. मग व्होल्टेज आणि पिना यांचा अपरिग्रहाशी काय संबंध? ज्याचे मन मोकळे आहे त्याने दहा ट्रान्सफॉर्मर ठेवले तरी तो अपरिग्रहीच, आणि ज्याचे मन गुंतले आहे त्याने काहीच न आणले तरी तो परिग्रहीच. ही हरकत खरी आहे, पण ती साधकाच्या अंतरंगाची परीक्षा सांगते, आणि अंतरंग स्वतःलाही चटकन दिसत नाही. म्हणून तर जैनांनी गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण हे अणुव्रत ठेवले, म्हणजे वस्तूंनाही मोजमाप लावले. बौद्ध विनयाने त्याहून पुढे जाऊन एक विलक्षण नियम केला. भिक्खूने जादा भिक्षापात्र दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि जुन्या पात्राला पाच ठिकाणी सांधे पडलेले नसतील तर नवे मागू नये. मन किती गुंतले आहे हे संघ विचारत नाही. पात्र किती वेळा सांधले हे विचारतो. मला या नियमात फार खोल शहाणपण दिसते. वस्तूशी असलेले नाते कसे आहे याची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे दुरुस्ती. जी वस्तू आपण राहतो तिथे सांधता येते, तिच्याशी आपले नाते वापराचे राहू शकते. जी सांधता येत नाही ती दोन प्रकारेच राहते, नवीकोरी जपलेली किंवा मेलेली. आणि मूर्च्छेला जपलेली वस्तू फार मानवते.

विनयपिटकातच बुद्धाचा शिष्य आनंद आणि राजा उदेन यांचा प्रसंग आहे. राजाच्या अंतःपुराने आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. आणि जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे होतील, पांघरुणांची गादीची आवरणे, त्यांच्या जमिनीवरच्या सतरंज्या, मग पायपुसणी, मग फडकी, आणि फडक्यांच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. आज हे उत्तर काटकसरीचा धडा म्हणून सांगितले जाते. मला त्यात दुसरे काही अधिक महत्त्वाचे वाटते: दान घेण्याचा अधिकार आनंद वस्तूच्या शेवटापर्यंतचा रस्ता सांगून सिद्ध करतो. प्रत्येक टप्प्यावर तिथे हात आहेत, काम आहे, आणि शेवटी तिथलीच माती ती सामावून घेते. परतीच्या सामानातल्या प्रत्येक उपकरणाला हाच प्रश्न विचारता येतो. हे इथे कोण वापरेल, कोण उघडेल, मेल्यावर कुठे जाईल?

काटकसरीचा मुद्दा मात्र बाजूला सारता येत नाही, आणि सारूही नये. चालती वस्तू टाकून नवी घेणे हे अपरिग्रहाच्या नावाखाली झालेले उधळेपण आहे, असे कुणी म्हटले तर बऱ्याच बाबतीत तो बरोबर असेल. फोन आणि लॅपटॉप यांच्या आयुष्यातला बहुतांश कार्बन ते बनवतानाच हवेत गेलेला असतो, आणि त्यांच्या बॅटरीतला कोबाल्ट मुख्यत्वे काँगोच्या खाणींतून येतो, जिथे माणसे हातांनी खणतात. व्यासभाष्यातल्या हिंसेला आज हा पत्ता आहे. ती हिंसा आधीच होऊन गेली आहे. अशी वस्तू तिचा जीव आहे तोवर वापरणे हेच तिचे थोडेफार प्रायश्चित्त. चार्जर दोन्ही विजा पेलत असेल तर ती आणावी आणि पार झिजेपर्यंत वापरावी. फ्रिज, ओव्हन, किटली, केस वाळवण्याचे यंत्र यांचे तसे नाही. त्यांचा मुख्य खर्च वापरात आहे, आणि दुसऱ्या मुलखात तो वापर सक्तीने अधिक वाईट होतो. शिवाय ‘वाया जाऊ नये’ हे कारण तिथेच वस्तू देऊन टाकल्यानेही पुरे होते. तिथल्या विद्यार्थ्याच्या खोलीत तोच ओव्हन कुठल्याही ट्रान्सफॉर्मरशिवाय दहा वर्षे चालेल. काटकसर वस्तूची असेल तर वस्तूला तिची सामग्री सोडू देऊ नये. ‘माझी वस्तू वाया जाऊ नये’ असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा त्यातल्या कोणत्या शब्दावर आपला जोर आहे हे तपासून पाहावे लागते.

दुसरी हरकत स्वदेशीच्या बाजूने येते: परदेशी वस्तू आणायचीच कशाला? हे मला पटत नाही. १९२४ साली रामचंद्रन या तरुणाने गांधींना विचारले की यंत्रमात्राला आपला विरोध आहे काय, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद आवर्जून सांगितला. सिंगर अमेरिकन होते, आणि तशी यंत्रे बनवायला कारखाने लागणार हेही त्या संवादात आले आणि गांधींनी ते मान्य केले. ते यंत्र पायाने चालत होते, गावचा शिंपी ते खोलून तेल घालून पुन्हा जोडत होता. थोड्याच वर्षांत ते कुठल्या देशातून आले हा प्रश्नच उरला नाही. १९१६च्या मद्रासच्या भाषणात गांधींनी स्वदेशीचा अर्थ जवळच्या परिसराचा उपयोग आणि सेवा असा सांगितला होता, आणि तो अर्थ घेतला तर वस्तू कुठे जन्मली यापेक्षा ती कुणाच्या हातात बसते हे मोठे. आपल्या भिंतीतल्या गोल पिनांचेही तसेच आहे. तो जुना ब्रिटिश नमुना. ब्रिटनने १९४७ पासून चपट्या पिनांचा नवा नमुना धरला, आपण जुनाच ठेवला, आणि आज तो गावोगावच्या वायरमनचा आहे. परके ते आपले होते, पण त्यासाठी ते इथल्या हातांना उघडावे लागते. एकट्या घरात, एका ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे ठेवलेले उपकरण वीस वर्षे राहूनही परकेच राहते.

तिसरी हरकत सर्वांत न्याय्य आहे. दोष माणसाच्या माथी का मारता? वस्तू मुद्दाम तशा बनवल्या जातात. डीव्हीडींना प्रदेशाचे कुलूप होते, अमेरिका पहिल्या प्रदेशात आणि भारत पाचव्या. पैसे देऊन घेतलेली चित्रपटाची तबकडी इथल्या प्लेअरवर लागत नसे. फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधून विकले गेले. ही कुलुपे निसर्गाने घातलेली नव्हती. हर्ट्झचा भेद इतिहासाने घातला, कुलपाचा भेद नफ्याने, आणि या दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. जिथे अडथळा माणसाने हेतुपुरस्सर घातला आहे तिथे कुलूप उघडून घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. उलट युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून फोनला एकच यूएसबी-सी जोड सक्तीचा केला, यातून दिसते की हा प्रश्न कायद्याने पुष्कळसा सुटू शकतो, आणि अशा कायद्यांची मागणी करणे हाही यमाचाच भाग मानावा. तरीही कायदा येईपर्यंत सामान बांधणारा माणूस निर्णय घेतच असतो. कंपनीचा दोष मोठा आहे म्हणून त्याचा वाटा शून्य होत नाही.

आणलेच असेल तर काय? बहुतेक घरांत शेवटी ते दान होते. न चालणारा ब्लेंडर, केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री कामाला येणाऱ्या बाईंना, गावच्या नातेवाइकांना दिली जाते, ट्रान्सफॉर्मर न देता किंवा देऊनही. कठोपनिषदात नचिकेत्याच्या बापाने यज्ञात दिलेल्या गाई अशाच होत्या: ज्यांचे पाणी पिऊन झाले, चारा खाऊन झाला, दूध संपले, वेत उरले नाही. त्या दानाने कोणता लोक मिळणार या काळजीने मुलगा अस्वस्थ होतो आणि तिथून ती सगळी कथा सुरू होते. न चालणारी वस्तू देणे म्हणजे स्वतःचा राखण्याचा भार आणि मोडीत काढण्याचा भार दुर्बलावर टाकणे. द्यायचे असेल तर विमान पकडण्याआधी, तिथे, ती चालत असताना द्यावे. आठवणीचा प्रश्न वेगळा. मुलांच्या लहानपणीचा रेडिओ, पहिल्या पगाराचा टेपरेकॉर्डर ठेवावासा वाटला तर खुशाल ठेवावा, आठवण म्हणूनच ठेवावा. आठवणीला वीज लागत नाही, आणि एखाद-दुसऱ्या वस्तूत ती मावते. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ हे कारण तिच्यापुढे उभे केले, की तिथे मूर्च्छा सुरू झाली असे समजावे.

राहतो तो शेवट, आणि तोच मला सर्वांत जड वाटतो. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद झाली. उरलेल्यातला काही भाग दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादमध्ये माणसे उघड्या हातांनी फोडतात, तारा जाळून तांबे काढतात. आनंदाच्या चिंध्या जमिनीत मुरल्या; सर्किट बोर्ड मातीत मुरत नाही, मातीला विष देतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तूच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर आणि व्यापारी आयातदारावर टाकली आहे. पण ज्या कंपनीचा इथे कारभारच नाही तिची वस्तू सामानातून आली, तर तिच्यामागे नियमातला कोणीही उभा नसतो. ती जागा रिकामी आहे, आणि जो माणूस ती वस्तू विमानतळावरून घरी घेऊन आला त्यानेच ती भरली पाहिजे. सवलत घेताना तो प्रवासी होता. वस्तू मेली तेव्हा तो आयातदार आहे. भंगारवाल्याच्या तराजूवर ती न टाकता परवानाधारक पुनर्वापर केंद्रापर्यंत स्वतः नेणे, त्याचे पैसे मिळणार नसतील तरी नेणे, आणि जुनी बॅटरी निराळी काढून देणे, इतके त्याच्याकडून अपेक्षित आहे. ज्याला हे करायची तयारी नाही त्याने ते खोके बांधू नये.